हात मेला म्हणतात ते

नागपूरकडच्या लांब रोटीला पोळपाट लागत नाही, लाटणं लागत नाही, तवाही लागत नाही. लागतो तो चुलीवर पालथा घातलेला एक मटका आणि बाईचे दोन हात. गव्हाची कणीक इतकी सैल मळायची की ती हातातून ओघळली पाहिजे, पण तुटता कामा नये. तिचा गोळा उचलायचा, या हातावरून त्या हातावर घेत कोपरापर्यंत लांबवायचा आणि ओढणीसारखा पातळ झाला की तापलेल्या मटक्यावर अलगद सोडायचा. मग कडा सारख्या करायला बोटं मटक्यावरूनच फिरवायची. ज्यांनी हे कधी केलं नाही त्यांना वाटतं, यात काय एवढं. त्यांनी एकदा करून पाहावं आणि मग आठ दिवस हाताला बर्फ लावत बसावं.

हुडकेश्वरची गोपिका हे काम पंधरा-सोळा वर्षं करत आली आहे. माहेर उमरेडकडच्या एका खेड्यातलं, घरी थोडीशी धानाची शेती. लग्न होऊन नागपुरात आली तेव्हा नवऱ्याचा, बळीरामचा, इतवारीत टेम्पो होता. भांड्यांच्या दुकानांचा माल तो शहरभर पोहोचवायचा. हर्षा झाली, शाळेत जायला लागली, आणि घरी बसून गोपिकाला करमेना. शेजारच्या गल्लीत देवकीबाई राहायच्या. लग्न, बारसं, वास्तू, तेरवी, कुठलंही जेवण असो, लांब रोटीसाठी लोक देवकीबाईंकडेच यायचे. गोपिका त्यांच्या हाताखाली गेली आणि पहिल्याच दिवशी सहा फोड घेऊन घरी आली.

या बायकांचा आपसातला एक शब्द आहे. नव्या बाईचे पहिले काही महिने बोटाबोटाला चटके खाण्यात जातात. कणकेपेक्षा जास्त वेळ ती पाण्याच्या बादलीत हात घालून असते. मग हळूहळू कातडी जाड होते, बोटं कुठं टेकवायची आणि कुठून झटकन उचलायची ते कळायला लागतं, आणि एक दिवस जुनी बाई सगळ्यांसमोर जाहीर करते, ‘हिचा हात मेला.’ म्हणजे बाई तयार झाली, आता तिला वेगळा मटका द्यायला हरकत नाही. बाहेरच्या माणसाला हे ऐकून धस्स होईल, पण या बायकांत ती पदवी आहे. गोपिकाला ती दीड वर्षात मिळाली. त्या दिवशी तिनं घरी शिरा केला होता.

पुढे पुढे तर तिचा हात असा काही मेला की देवकीबाईंनाही हार मानावी लागली. बाकीच्या बायका फडकं शोधत असायच्या तेव्हा गोपिका तापलेला मटका सरळ दोन्ही हातांनी सरकवायची. चुलीतून निखारा बाहेर पडला तर चिमटा कशाला, ती बोटांनी उचलून परत आत टाकायची. लग्नघरची पोरंटोरं पंगत सोडून तिला बघायला यायची. कोणीतरी मोबाइलवर तिची रील काढून टाकली, ती इकडून तिकडे फिरली, आणि पार वर्ध्याहून बोलावणी यायला लागली. गोपिकाला हे आवडायचं. का आवडू नये? खेड्यातून आलेल्या, सातवी शिकलेल्या बाईकडे शंभर माणसं तोंडात बोट घालून बघतायत, ही काही रोज घडणारी गोष्ट नाही.

याच काळात तिचं डोकं दुखायला लागलं. साधं दुखणं नव्हे. खोकला आला, शिंक आली, फुंकणीनं चूल फुंकली, खाली वाकून काही जड उचललं, की डोक्याच्या मागून, मानेच्या वरच्या टोकातून अशी कळ निघायची की डोळ्यांपुढे अंधारी यायची. दोन मिनिटांत ओसरायची, पण ती दोन मिनिटं तिला भिंत धरून काढावी लागायची. हसल्यावरही तेच व्हायचं. म्हणून तिनं हसणंच कमी केलं. शेजारणींनी त्यावरून ठरवून टाकलं की नाव झालं आणि बाईला मिजास आली.

आपल्याकडे दुखणं सांगायचा अवकाश, ज्याला त्याला वैद्यकी सुचते. कोणी म्हणालं गॅस डोक्यात चढतो, कोणी म्हणालं आगीपाशी बसून उष्णता झाली, सब्जा घे. एका डॉक्टरनं मायग्रेनच्या गोळ्या दिल्या, दुसऱ्यानं मानेचे मणके सांगून पट्टा दिला. पट्टा लावून मटक्यापाशी बसता येत नाही, म्हणून तो खुंटीवर राहिला. खांद्यांत आग व्हायला लागली. उजव्या हाताचा अंगठा आणि बोट यांच्यामधला मांसाचा उंचवटा दिवसेंदिवस बसत चालला होता, तो तिनं पाहिला, पण वय होत चाललं असं समजून सोडून दिला. वय होतं एक्केचाळीस.

कोणत्याच डॉक्टरला तिनं हाताचं सांगितलं नाही. लपवलं नाही, सांगायचं सुचलंच नाही. डोकं दुखणं ही तक्रार होती आणि हात मेला हे कौतुक होतं. तक्रार घेऊन माणूस दवाखान्यात जातो. कौतुक घेऊन कोण जातं?

मानेवाड्याला एका वास्तूचं जेवण होतं. हर्षा तेव्हा डी. फार्म.च्या दुसऱ्या वर्षाला होती, सुटी म्हणून आईच्या मदतीला आली होती. रोट्या रंगात आल्या होत्या. मध्येच गोपिकानं नाक वर केलं आणि म्हणाली की काहीतरी करपून राहिलं, बघा गं कोणाचं. हर्षानं इकडेतिकडे पाहिलं. मग तिला दिसलं. आईनं दमून डावा हात टेकवला होता तो चुलीच्या लोखंडी कड्यावर. करपत होता तो तिच्या आईचा हात, आणि आई दुसऱ्या हातानं कणीक सारखी करत बाकीच्यांना विचारत होती की कोणाचं जळतंय.

हर्षानं आरडाओरडा केला नाही. हात पाण्यात घातला, फडकं गुंडाळलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आईला स्कूटीवर मागे बसवून सरळ धंतोलीत एका मेंदूच्या डॉक्टरांकडे नेलं. तिच्या पुस्तकात एक ओळ होती, भाजलेलं कळत नसेल तर मज्जा तपासावी अशी, आणि ती ओळ तिला रात्रभर झोपू देत नव्हती.

डॉक्टर मिनल वयानं लहान होत्या, पण घाई नव्हती त्यांना. त्यांनी गोपिकाला डोळे मिटायला सांगितलं आणि काचेच्या दोन नळ्या आळीपाळीनं तिच्या हातांना लावल्या. गरम की थंड, एवढंच सांगायचं. गोपिका म्हणाली कोमट. पुन्हा लावली, कोमट. सहा वेळा कोमट. मग त्यांनी काहीतरी हलकेच फिरवलं, तर ती लगेच म्हणाली, कापूस. डोळे उघडले तेव्हा एका नळीत बर्फ होता आणि दुसरीतून वाफ निघत होती.

“हे कधीपासून आहे?” डॉक्टरांनी विचारलं.

“आठ-नऊ वर्षं झाले असन मॅडम,” गोपिका म्हणाली, आणि एवढ्या घाबरलेल्या अवस्थेतही तिच्या आवाजात थोडा अभिमान आला. “माहा हात मेला हाय. चांगलं असते ते. आमच्या कामात.”

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं.

एमआरआय झाला. मग त्यांनी कागदावर चित्र काढून समजावलं. मेंदू आणि मणक्यातली मज्जा यांच्याभोवती पाणी असतं आणि ते सतत फिरत असतं. गोपिकाच्या मेंदूचा मागचा, खालचा भाग कवटीच्या तळाच्या भोकात उतरून बसला होता. त्यामुळे पाण्याची वाट अडली होती. खोकलं, हसलं की दाब वाढायचा आणि कळ निघायची. अडलेल्या पाण्यानं मज्जेच्या आतच पोकळी करून घर केलं होतं, आणि गरम-थंड, दुखणं-खुपणं यांच्या तारा नेमक्या त्याच जागेवरून जातात. स्पर्शाच्या तारांची वाट वेगळी, म्हणून कापूस कळत होता. हर्षानं तीन प्रश्न विचारले. गोपिकानं एकही विचारला नाही, कारण तिला कळलं होतं. माहेरी पाटात दगड अडकला की पाणी बांधाच्या पोटातून झिरपायचं, वरून सगळं हिरवंगार दिसायचं आणि धान मुळापासून कुजायचं. वडील म्हणायचे, पाट वेळेवर पाहिला असता तर. तिला एकच जाणून घ्यायचं होतं, की दगड काढता येईल का.

येईल, पण कुजलेलं सगळं परत हिरवं होईल याची खात्री नाही, असं डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं.

ऑपरेशन झालं. मानेच्या वर मागच्या बाजूचं थोडं हाड काढून पाण्याला वाट करून दिली. देवकीबाई भेटायला आल्या, पलंगाच्या कडेला बसल्या आणि पदर तोंडाला लावून रडल्या. मीच तुले सगळ्यांपुढे मोठी केली, असं काहीतरी म्हणत होत्या. गोपिकाला हसू आलं, ती घाबरून थांबली, आणि मग तिच्या लक्षात आलं की कळ निघाली नाही. ती आणखी थोडी हसली. देवकीबाईंना वाटलं, पोरीच्या डोक्यावर परिणाम झाला.

पण गोष्ट इथं संपत नाही, कारण असलं दुखणं टाके निघाले म्हणून संपत नाही. डोक्यातली कळ गेली, कधीतरी येते ती सौम्य. मज्जेतली पोकळी आक्रसली, गेली नाही. अंगठ्यापाशी मांस भरलं नाही. थंड-गरम परतलं नाही. गंमत अशी, गंमतच म्हणायची तर, की बाहेरची आग तिला कळत नाही आणि खांद्यात, जिथं कसली आग नाही, तिथं दिवसभर निखारे ठेवल्यासारखं होतं. काही दिवस मान उचलवत नाही. उन्हाळ्यात घरात पंखा लागला तरी अंगाचा एक भाग गार पडतो आणि दुसऱ्याला पत्ताच नसतो. दुपारी पाठ टेकल्याशिवाय संध्याकाळ निभावत नाही. ती शेजाऱ्यांना हे सांगत नाही, कारण दिसायला बाई धडधाकट आहे, आणि दिसत नाही ते दुखणं लोकांना ढोंग वाटतं. एकीनं तोंडावर विचारलंच होतं, ऑपरेशन झालं न मंग आता काय?

डॉक्टरांनी एक गोष्ट ठासून सांगितली होती. आगीचं काम सोडा. कळत नसलेल्या हाताला एकदा मोठी जखम झाली, ती चिघळली, तर बोटं जातात. बळीराम तर मटक्याचं नाव काढू देत नव्हता. त्यानं घरातले तिन्ही मटके मागच्या अंगणात नेऊन तुळशीमागे पालथे घातले, आणि गोपिका भाजी चिरताना, चहा ओतताना, आंघोळीचं पाणी काढताना तो चोरासारखा तिच्यावर नजर ठेवायला लागला.

सहा महिने तिनं हे सहन केलं. मग एका सकाळी नवऱ्याला समोर बसवून ती म्हणाली, “मले दुसरं काही येत नाही असं नाही. पन मले दुसरं काही करायचं नाही. मटका नसला तर मी आपल्याच घरी पाहुनी होऊन राहिली.”

बळीराम कमी बोलणारा माणूस. तो अंगणात गेला आणि एक मटका आत घेऊन आला.

यानंतर गोपिकानं जे केलं ते नीट पाहण्यासारखं आहे. ज्या वयात बायका शिकवायला लागतात त्या वयात ती पुन्हा पहिलीत बसली. आधी थंड मटका. त्यावर ती नुसती कणीक सोडायची, उचलायची. उजव्या हाताची पकड गेली होती, म्हणून वजन डाव्यावर घ्यायला शिकली. दवाखान्यात दाबायला रबरी चेंडू दिला होता, तो तिनं हर्षाच्या खोलीत ठेवला आणि रोज तासभर कणीक मळली. मग आच. हाताला आच कळत नाही, पण चेहऱ्याला कळते. ती गाल मटक्याच्या जवळ नेऊन सांगायची की अजून तापायचा आहे, की झाला. पाण्याच्या थेंबाचा आवाज ऐकायची. रोटीवर पहिला फोड किती वेळात येतो ते मनात मोजायची. कडा सारख्या करायला तिनं बोटांऐवजी पळसाच्या काडीचं टोक तासून घेतलं. देवकीबाईंना ते अजिबात पटलं नाही. हातानं नाही तर ती लांब रोटी कसली, असं त्यांचं म्हणणं. गोपिकानं ऐकून घेतलं आणि काडी वापरली.

खाली बसून वाकायचं नाही, म्हणून बळीरामनं विटांचा कमरेइतका ओटा रचला, वर चूल, समोर स्टूल. मान सरळ राहायला लागली. फुंकणी बंद, तिच्या जागी हर्षानं पुठ्ठ्याचा पंखा दिला. काही उचलायचं नाही, तासाभरानं आत चटई टाकून अर्धा तास आडवं व्हायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, दर दहा रोट्यांनंतर थांबायचं आणि दोन्ही हात उजेडात धरून पाहायचे. तळवे, मागची बाजू, बोटांची बेचकी, मनगट, कोपर. जे कळत नाही ते पाहायचं. शेजारच्या बायकांना आधी हसू यायचं, आरशात बघितल्यासारखी हातात बघते म्हणून. गोपिका एकदाही न विसरता बघायची.

असं वर्षभर घरच्या घरी चाललं. मग ती हर्षाला घेऊन डॉक्टर मिनलकडे गेली आणि दोन्ही हात त्यांच्या टेबलावर ठेवले. एकही नवा डाग नव्हता. तिथंच, बळीराम शेजारी असताना, ती शब्द देऊन बसली. बाहेरचं काम पुन्हा सुरू करीन, पण ज्या दिवशी हातावर एक फोड आला त्या दिवशी मटका आपल्या हातानं फोडीन, आणि मग कोणी आग्रह केला तरी बसणार नाही. डॉक्टर हो म्हणाल्या नाहीत. नाहीही म्हणाल्या नाहीत. मलम लिहून दिलं आणि पुढच्या वर्षीच्या एमआरआयची तारीख.

पहिलं बोलावणं आलं ते हुडकेश्वरच्याच एका लॉनवरच्या साक्षगंधाचं, म्हणजे साखरपुड्याचं. दुपारचं जेवण, पाटोडीचा रस्सा आणि लांब रोटी. देवकीबाई कणकेवर, गोपिका तिथंही विटा रचून केलेल्या ओट्यावरच्या मटक्यापाशी, आणि खाली दुसऱ्या मटक्यावर गुंजन. गुंजन देवकीबाईंच्या भावाची सून, बावीस वर्षांची, कामाला लागून दोन महिने झालेले. हुशार पोरगी, हात चपळ, आणि जरा कौतुकाची भुकेली. बळीराम टेम्पोत सामान घेऊन आला होता तो तिथंच, फाटकापाशी, टेम्पोत बसून राहिला. इतवारीतली खेप त्यानं दुसऱ्याला दिली होती.

शंभर रोट्या झाल्या. दहा वेळा गोपिकानं हात पाहिले. दहाही वेळा स्वच्छ. तिचा जीव हळूहळू भांड्यात पडत चालला होता.

मग नवऱ्या मुलाचे मित्र मोबाइल घेऊन आले. त्यातल्या एकानं तिला ओळखलं. निखारा उचलणाऱ्या काकू त्याच न तुम्ही, तो म्हणाला, एकदा दाखवा न. गोपिकानं सरळ नाही म्हटलं. काकूंचा आता मूड नाही म्हणत ती मंडळी वळली, तेवढ्यात खालून गुंजनचा आवाज आला. ती म्हणत होती की इकडे या, माहा पन हात मेला हाय आता. आणि तिनं उजवा तळहात उघडून मटक्यावर ठेवला. ठेवला आणि उचलला नाही. कॅमेऱ्याकडे बघून ती हसत होती. पोरं वाहवा करत होती. देवकीबाईही कौतुकानं बघत होत्या.

सगळे तिच्या हाताकडे बघत होते. गोपिकाला वर्षभराची सवय, कोणी बघत नाही तिथं तिची नजर जाते. तिनं गुंजनचे पाय पाहिले. दोन्ही पायांची बोटं मुडपून जमिनीत रुतली होती.

डॉक्टरांनी धावू नका, झटके देऊ नका असं शंभरदा बजावलेली ती बाई स्टुलावरून उतरली कधी आणि खाली पोहोचली कधी, ते कोणाला कळलं नाही. तिनं गुंजनचा हात मनगटाला धरून ओढला आणि बादलीत बुडवला. मानेतून एक कळ सरळ खांद्यापर्यंत गेली. तिनं दात आवळले.

“लागलं?”

“नाही काकू.”

“गुंजन, खरं सांग.”

पोरीचा बांध फुटला. “खूप लागलं वं काकू. रोजच लागते. सगळ्याईले वाटते का मले येत नाही, म्हनून मी सांगतच नाही.”

तिचा तळहात लाल झाला होता, दोन ठिकाणी कातडी वर आली होती. ती लहान मुलीसारखी रडत होती. गोपिकाला तिची दया आली, रागही आला, आणि खरं सांगायचं तर या सगळ्यांच्या वर तिला त्या पोरीचा हेवा वाटला. एवढं दुखतंय तिला. केवढं श्रीमंत आहे ते. तिला स्वतःच्या या विचाराची लाज वाटली नाही.

“लागते तर लागते म्हन,” ती गुंजनला म्हणाली. “मोठ्यानं म्हन. मी नऊ वर्षं म्हनली नाही, कारन मले कोनी विचारलं नाही, सगळे टाळ्या वाजवून राहिले होते. आपल्या इथं आजपासून हात मेला म्हनायचं नाही. कोनीच नाही.”

शेवटचं वाक्य देवकीबाईंकडे बघून होतं. म्हातारी कणकेत हात घालून उभी होती. तिनं होकाराची मान हलवली. मोबाइल खाली झाले होते. पंगतीतून कोणीतरी रोटी मागत होतं, त्याला सांगण्यात आलं की थांबावं लागेल.

गुंजनच्या हाताला मलम लावून झाल्यावर गोपिकानं सवयीनं स्वतःचे हात उजेडात धरले. डाव्या मनगटाच्या आतल्या बाजूला, नाडी बघतात तिथं, सुपारीएवढा फोड होता. पाण्यानं टम्म भरलेला. ओढताना तिचं मनगट मटक्यावर दाबलं गेलं होतं आणि तिला कळलं नव्हतं, कळणारच नव्हतं.

बांगड्या थोड्या खाली ओढल्या असत्या तर तो कोणालाच दिसला नसता. हा विचार तिच्या मनात आला, हे लपवून तिचं कौतुक करण्यात अर्थ नाही. आला आणि काही क्षण थांबलाही. वर्षभराची मेहनत होती ती. मग ती उठली, मांडवाच्या बाहेर गेली आणि टेम्पोत बसलेल्या बळीरामपुढे हात धरला.

“आला,” ती म्हणाली.

बळीरामनं बघितलं. खाली उतरला, डॅशबोर्डच्या खणातून डॉक्टरांनी लिहून दिलेलं मलम काढलं. किती दिवसांपासून ते तिथं होतं कोण जाणे. लावता लावता त्यानं विचारलं की कितव्या रोटीला झालं. गोपिकानं घडलं ते सांगितलं. आत काय झालं याचा त्याला पत्ता नव्हता. सगळं ऐकून घेतलं त्यानं, पट्टी गुंडाळली, गाठ मारली.

“मंग हा रोटीचा नाही,” तो म्हणाला. “हा त्या पोरीचा हाय.”

“फोड तो फोडच असते. मी डॉक्टरले शब्द दिला.”

“डॉक्टरले मी सांगतो न. चाल, दोघं मिळून सांगू.” मग जरा थांबून तो म्हणाला, “तिथं इतके लोक होते. समद्याईचे हात चांगले, समद्याईले चटका समजते. त्या पोरीले लागून राहिलं हे कोनाले समजलं, सांग बरं?”

मनगटावरच्या पट्टीकडे बघत गोपिका टेम्पोला टेकून उभी राहिली. नऊ वर्षं आणि वरचं हे दीड, त्यात ती एकदाही रडली नव्हती, ऑपरेशनच्या आदल्या दिवशीही नाही. आता रडली. बळीरामनं गळ्यातला दुपट्टा काढून तिच्या हातात दिला आणि इतवारीच्या टेम्पोवाल्याला शोभेल अशा अवघडलेपणानं फाटकाकडे तोंड करून उभा राहिला.

मग तिनं बांगड्या काढून त्याच्या खिशात टाकल्या, डोळे पुसले, आत गेली आणि स्टुलावर बसली. गुंजन बादलीपाशी हात धरून तशीच बसली होती. तिनं विचारलं, काकू, तुमच्या हाताले काय झालं? गोपिकानं पट्टी वर करून तिला दाखवलं आणि सांगितलं की दहा रोट्या झाल्या की आज तू माझे हात पाहायचे, मी तुझे पाहीन.

“लाकडं सरकवा मावशी,” ती देवकीबाईंना म्हणाली. “अजून साठ रोट्या व्हायच्या हाय.”